छोट्याला घेऊन ऑस्ट्रेलिया : सिडनी, मेलबर्न, ॲडलेड आणि बाँडीवरचं एक भांडण

(हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिहिलेला मजकूर. ऐकायचा असेल तर वरचं प्ले बटण दाबा. बोलण्यातले ‘अं’ आणि मधला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय.)

मागच्या एपिसोडनंतर एका ऐकणाऱ्या मुलीने विचारलं होतं, ‘धाकट्या बहिणीला घेऊन ऑस्ट्रेलियात बॅकपॅकिंगला जायचंय, ती वीस वर्षांची आहे, काय काळजी घेऊ?’ मी तिला लगेच उत्तर टाइप करायला घेतलं. सिम कुठलं, हॉस्टेल कसं, कार्ड कुठलं वगैरे. मग अर्धं लिहून डिलीट केलं. कारण मीसुद्धा असंच सगळं टाइप करून, एक्सेल शीट बनवून गेलो होतो, आणि चौथ्याच दिवशी माझ्याबरोबरचा माणूस माझ्याशी बोलेनासा झाला होता.

तर तो माणूस म्हणजे माझा मावसभाऊ. घरात त्याला सगळे छोट्या म्हणतात, आपणही तेच म्हणू. वय एकोणीस, सांगलीचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी अठ्ठावीस, पुण्यात कोड लिहितो. सेमिस्टरची परीक्षा संपली की नोव्हेंबर अखेरीस निघायचं, पंधरा दिवस, तीन शहरं : सिडनी, मेलबर्न, ॲडलेड. निघताना मावशी मला म्हणाली, “तुझ्या भरवशावर पाठवतेय हं.” हे वाक्य मी फार सिरियसली घेतलं. तिथेच घोळ झाला, पण ते पुढे सांगतो.

आधी कागदपत्रं, पटकन. आपल्या पासपोर्टवर फिरायला जायचं तर व्हिजिटर व्हिसा, सबक्लास ६००. अर्ज ऑनलाइन, इमीअकाउंटवरून, आणि प्रत्येकाचा वेगळा. माझ्याकडे सॅलरी स्लिप होत्या. छोट्याच्या अर्जाला काकांचं बँक स्टेटमेंट, त्यांनी खर्च करतोय म्हणून दिलेलं पत्र आणि कॉलेजचं बोनाफाइड जोडलं. या व्हिसावर तिथे काम करता येत नाही, कॅफेत चार तास भांडी घासणंसुद्धा नाही. तुमच्याबरोबरचं कोणी अठराच्या आतलं असेल तर गोष्ट बदलते. आईवडिलांच्या संमतीचा फॉर्म १२२९ लागतो, आणि बरीच हॉस्टेलं अठराच्या आतल्यांना डॉर्ममध्ये घेतच नाहीत, वेगळी खोली घ्यावी लागते. ते बुकिंगच्या आधी वाचा.

आता खाऊ. मावशीने चिवडा, मेतकूट, बेसनाचे लाडू आणि सांगलीचे पेढे असं सगळं बांधून दिलं होतं. ऑस्ट्रेलिया हे बेट आहे, बाहेरचा रोग किंवा किडा आत आला तर त्यांच्या शेतीची आणि गुरांची वाट लागते, म्हणून विमानतळावर खाण्याच्या वस्तूंची तपासणी कडक. नियम साधा आहे : खायचं काहीही असेल तर कार्डावर ‘हो’ लिहायचं. ‘हो’ लिहून वस्तू चालणारी नसली तर ते फक्त काढून घेतात. ‘नाही’ लिहून सापडली तर दंड, तोही हजारो डॉलरपर्यंत जाऊ शकतो. दुधाची मिठाई आपल्याकडून नेता येत नाही, त्यामुळे पेढे पुण्यातच मित्रांना वाटले. बाकीचं दाखवलं. लाडवात तूप आहे म्हटल्यावर लाडू गेले. चिवडा पाकीटबंद होता, तो राहिला. छोट्या म्हणाला, “दादा, आईला सांगू नकोस लाडू गेले ते.” म्हणजे मावशीपासून लपवायच्या गोष्टींची यादी विमानतळावरच सुरू झाली.

सिडनीत मी काय केलं होतं ते ऐका. दोघांचे पासपोर्ट माझ्या पाउचमध्ये. सिम एकच, माझ्या फोनमध्ये, तो माझ्या हॉटस्पॉटवर. पैसे एकाच कार्डावर, तेही माझ्याकडे. मला वाटलं, एकाच ठिकाणी सगळं असलं की हरवणार नाही. ऑफिसात कोणी अशी सिस्टिम बनवली असती तर मीच त्याला झापला असता. एक सर्व्हर बंद पडला की सगळं बंद!

तो बंद पडला सेंट्रल स्टेशनच्या गेटवर. सिडनीत ट्रेन, बस, फेरी, लाइट रेल सगळीकडे ओपल कार्ड चालतं, किंवा आपलं काँटॅक्टलेस बँक कार्डही टॅप करता येतं. चढताना टॅप, उतरताना टॅप. पण एक कार्ड म्हणजे एक प्रवासी. मी टॅप करून आत गेलो, कार्ड मागे छोट्याकडे दिलं, गेट काही उघडेना. मागे ऑफिसची गर्दी. मी आत, तो बाहेर, त्याच्याकडे नेट नाही, खिशात एक डॉलरही नाही. फार काही झालं नाही, तिथल्या कर्मचाऱ्याने त्याला आत सोडलं. पण एकोणीस वर्षांचा मुलगा पाच मिनिटं तिथे हरवलेल्या पोरासारखा उभा होता आणि लोक बघत होते. त्याचा चेहरा मी पाहिला आणि दुर्लक्ष केलं.

(सिडनीचं एक मधेच सांगून टाकतो. विमानतळावरून ट्रेन घेतली तर तिकिटावर स्टेशन ॲक्सेस फी बसते, माणशी १७ डॉलरच्या वर, आणि ती डेली कॅपमध्ये धरत नाहीत. तीच लाइन पुढे मॅस्कट स्टेशनला जाते, तिथे ही फी नाही. विमानतळावरून साधी बस पकडून मॅस्कटला गेलो आणि तिथून ट्रेन घेतली. दोघांचे मिळून दोन जेवणांचे पैसे वाचले. आणि शुक्रवार ते रविवार दिवसाचा कॅप कमी असतो, दहा डॉलरच्या आत. तेवढ्यात दिवसभर हिंडा, मॅनलीची फेरीसुद्धा त्यातच. सर्क्युलर कीवरून निघालं की ऑपेरा हाउस आणि हार्बर ब्रिज दोन्ही समोरून जातात. वेगळी हार्बर क्रूझ घ्यायची गरज नाही.)

आता बाँडी. रविवार होता, ३३३ नंबरची बस पकडून गेलो. तिथल्या समुद्रात लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात. पोहायचं ते दोन झेंड्यांच्या मध्येच, कारण लाइफगार्डची नजर तिथे असते. छोट्या कृष्णेत पोहायला शिकलेला, पुराच्या पाण्याच्या गप्पा मारणारा. झेंड्यांमध्ये गर्दी होती, लाटा अंगावर येत होत्या. शेजारी दक्षिणेच्या टोकाकडे पाणी अगदी शांत, जरा गडद रंगाचं, लाटा फुटत नव्हत्या. तो तिकडे गेला.

हे नीट ऐका, कारण इथे नदीत किंवा तलावात पोहणाऱ्या माणसाची समज उलटी पडते. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणतात, ते पाणी कुठून तरी परत जाणारच. जिथे तळ खोल असतो तिथून ते प्रवाहासारखं आत ओढलं जातं, त्याला रिप म्हणतात. खोल पाण्यात लाट फुटत नाही, म्हणून रिपची जागा वरून शांत दिसते. जिथे फेस आहे तिथे भीती वाटते आणि जिथे खरा धोका आहे तिथे बरं वाटतं. बाँडीच्या दक्षिण टोकाच्या या रिपला तिथले लोक चक्क ‘बॅकपॅकर्स एक्सप्रेस’ म्हणतात, कारण आपल्यासारखी मंडळी बसमधून उतरतात आणि नेमकी तिथेच पाण्यात शिरतात. कधी सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने प्रवाहाशी झगडायचं नाही, दम संपतो. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, मदत येईपर्यंत डोकं शांत ठेवायचं.

छोट्या कमरेएवढ्या पाण्यात होता तेवढ्यात भोंग्यावरून हाक आली आणि एक लाइफगार्ड बोर्ड घेऊन त्याच्या दिशेने निघाला. तो स्वतःच चालत बाहेर आला. काही झालं नाही. लाइफगार्ड त्याच्याशी दोन मिनिटं हसून बोलला, पाण्याकडे बोट दाखवून समजावलं आणि गेला.

आणि मग मी सुरू झालो. भर बीचवर, मराठीत, मोठ्याने. “अक्कल आहे का? मावशीला काय सांगू मी? घरी बसायचं होतंस मग!” आजूबाजूला कोणाला शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. छोट्याने टॉवेल गुंडाळला आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलला नाही. मॅनलीच्या फेरीत आम्ही दोघं दोन टोकांना बसलो होतो. समोर जगातलं सर्वात जास्त फोटो काढलं जाणारं दृश्य असेल, आणि मी त्या दिवशी एकही फोटो काढलेला नाही.

रात्री हॉस्टेलच्या किचनमध्ये मी खिचडी टाकली. तिथे ‘फ्री फूड’ लिहिलेला एक कप्पा असतो. निघून जाणारे लोक उरलेला तांदूळ, तेल, मीठ, पास्ता तिथे ठेवतात. त्यातून अर्धं काम भागतं. छोट्या आला, दोन ताटल्या घेतल्या आणि म्हणाला, “दादा, तू मला बॅगेसारखा फिरवतोयस. उचलली, ठेवली, परत मोजली. लाइफगार्डने मला एकदा सांगितलं ते कळलं मला. तुझं तासभर चाललं होतं, त्यातलं काहीच कळलं नाही.”

मला राग आला, खरं सांगतो. माझी सुट्टी, माझे अर्धे पैसे, माझी जबाबदारी, आणि वर हे. पण तो म्हणाला त्यात चूक काय होतं? त्याला रिप माहीत नव्हती कारण मी वाचली होती आणि त्याला सांगितली नव्हती. मी फक्त ‘माझ्याबरोबर राहा’ एवढंच सांगितलं होतं.

त्या रात्री आम्ही कामाची वाटणी केली. दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमधून त्याच्यासाठी प्रीपेड सिम. त्याचा पासपोर्ट त्याच्याकडे, माझ्याकडे फक्त फोटो. कार्ड दोघांकडे वेगळी. आणि मेलबर्न पूर्ण त्याचं : राहणं, फिरणं, दिवसाचं बजेट, सगळं. मी फक्त विचारलं तरच बोलायचं. दोन गोष्टींवर माझा शब्द शेवटचा : पाणी आणि रात्र. त्याने एक अट घातली, चारचौघांत ओरडायचं नाही.

सिडनीहून मेलबर्नला आम्ही रात्रीच्या ट्रेनने गेलो. जवळजवळ अकरा तास, बसून. विमान कधी कधी स्वस्त पडतं, पण ट्रेनमध्ये एका रात्रीचं हॉस्टेल वाचतं आणि शहराच्या मधोमध सदर्न क्रॉस स्टेशनवर उतरता. मान आखडते, तेवढी तयारी ठेवा. एसी फार असतो, शाल न्या.

मेलबर्नमध्ये शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट आहे, २०१५ पासून. कार्ड टॅपही करायचं नाही. पण त्या भागाच्या बाहेर जायचं तर मायकी कार्ड हवं, नाहीतर तपासनीस पकडतात आणि दंड चांगला जोरात असतो. छोट्याने सेंट किल्डाच्या बीचला जायला ९६ नंबरची ट्राम काढली. आम्ही फुकटच्या भागात चढलो. मायकी दोघांकडेही नाही. मला माहीत होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो, जीभ दाताखाली धरून. आठ-दहा मिनिटांनी अनाउन्समेंट झाली की फ्री झोन संपतोय. छोट्याने मान वर केली, नकाशा बघितला, म्हणाला, “दादा, उतर उतर!” कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमधून दोन मायकी घेतली, मागची ट्राम पकडली. नंतर मला म्हणाला, “तुला माहीत होतं ना?” मी म्हटलं, हो. “आणि तपासनीस आला असता तर?” तर दंड तुझ्या बजेटमधून गेला असता, म्हटलं. तो एवढा हसला की समोरची आजीसुद्धा हसायला लागली.

मी असतो तर मेलबर्नमध्ये कॅफे आणि गल्ल्यांमधली ग्राफिटी एवढंच केलं असतं. त्याने स्टेट लायब्ररी ठेवली होती. आत अष्टकोनी रीडिंग रूम, वर प्रचंड घुमट, १९१३ सालचा. प्रवेश फुकट, वायफाय फुकट, बाहेर ऊन असताना तीन तास बसा, कोणी उठवत नाही. आणि एमसीजी. एक लाख माणसं मावणारं मैदान. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपण ३६ मध्ये आटोपलो होतो आणि पुढच्याच बॉक्सिंग डे टेस्टला याच एमसीजीवर अजिंक्य रहाणेने ११२ मारले, मॅच जिंकली. त्या मॅचचा उत्तम खेळाडू म्हणून त्याला पहिलं मुलाघ मेडल मिळालं. छोट्याने तिथे उभं राहून सांगितलं की जॉनी मुलाघ हा १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या आदिवासी संघाचा मोठा खेळाडू. ऑस्ट्रेलियातून परदेश दौऱ्यावर गेलेला तो पहिला क्रिकेट संघ. मी क्रिकेटवर इतकी वर्षं बडबड करतोय, मला ते माहीत नव्हतं.

आता रात्रीचा विषय. हा भाग मावशीला फॉरवर्ड करू नका.

ऑस्ट्रेलियात दारूचं कायदेशीर वय अठरा. आपल्याकडे महाराष्ट्रात बीअरला २१ आणि कडक दारूला २५. म्हणजे जो मुलगा सांगलीत परमिट रूमच्या दारातही उभा राहू शकत नाही, तो तिथे पासपोर्ट दाखवून सरळ आत जाऊ शकतो. शुक्रवारी डॉर्ममधली चार-पाच मुलं पबमध्ये निघाली, दोन जर्मन, एक कोरियन, बाकी कुठले कुठले. छोट्याला त्यांनी विचारलं. त्याने मला विचारलं. रात्र माझ्याकडे होती.

‘नाही’ म्हणायचा अधिकार मला होता आणि तोंडात तेच होतं. पण उद्या तो इंटर्नशिपला बंगलोरला जाईल तेव्हा मी तिथे असणार आहे का? मी म्हटलं जा. लाइव्ह लोकेशन चालू. हॉस्टेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात, कारण फोनची बॅटरी संपते. ग्लास टेबलावर ठेवून कुठे जायचं नाही, गेलास तर तो सोडून दे. काही झालं तर ०००, तो तिथला इमर्जन्सी नंबर. शुक्रवार-शनिवारी रात्री काही ट्राम रात्रभर चालतात, त्यातली आपल्या रस्त्याची कुठली ते त्यानेच शोधून मला दाखवलं. एक वाजेपर्यंत परत.

मी कॉमन रूममध्ये लॅपटॉप उघडून बसलो. काम करत होतो असं म्हणायचं, खरं तर एक निळा ठिपका बघत होतो. पावणेबाराला ठिपका थांबला आणि वीस मिनिटं हललाच नाही. फोन करू की नको? केला नाही. बारा चाळीसला छोट्या आला, हातात दोन कबाब. ठिपका कबाबच्या रांगेत थांबला होता. “एक तुझ्यासाठी आणलाय. तू जागा असणार माहीत होतं.” एक बीअर प्यायला होता, आवडली नाही म्हणाला. खरं-खोटं त्यालाच माहीत.

मी बरोबर केलं का? मला अजून नक्की सांगता येत नाही. त्या वीस मिनिटांत मी मावशीला काय सांगायचं याची दोन वाक्यं तयार केली होती. दुसऱ्या कोणाचं पोर असतं तर कदाचित नाही म्हटलं असतं.

मेलबर्न ते ॲडलेड रात्रीची बस, सातशेच्या वर किलोमीटर, दहा तासांच्या आसपास. इथे एक गंमत. छोट्याने क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमधून अर्धा किलो चेरी घेतली होती, बसमध्ये खायला. तिकीट बघताना त्याच्या लक्षात आलं की साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात बाहेरून ताजी फळं न्यायला बंदी आहे, फळमाशीमुळे. एकाच देशात, राज्याच्या हद्दीवर! टाकवेना म्हणून आम्ही सदर्न क्रॉसच्या बाकावर बसून सगळी चेरी संपवली. बसमध्ये टॉयलेट आहे ही माहिती नंतर उपयोगी पडली.

आणि घड्याळ. ॲडलेड मेलबर्नच्या अर्धा तास मागे. उन्हाळ्यात सिडनी-मेलबर्न आपल्यापुढे साडेपाच तास, ॲडलेड पाच. फोन आपोआप बदलतो, पण घरी ‘आठला कॉल करतो’ सांगितलं असेल तर आठ कुणाचे ते ठरवा. मावशी अर्धा तास वाट बघत बसली होती, आणि ओरडा मला मिळाला.

ॲडलेडमध्ये आम्ही एक दिवस मुद्दाम वेगळे फिरलो. हे तुम्हीही करा, पंधरा दिवस चोवीस तास कोणाचंच पटत नाही. मी सेंट्रल मार्केटमध्ये, १८६९ पासूनचा बाजार, चीज चाखत हिंडलो. तो ॲडलेड ओव्हलवरचा १९११ चा हाताने चालवायचा स्कोअरबोर्ड बघून, ट्रामने एकटा ग्लेनेल्गला बीचवर गेला. दुपारी त्याचा एक फोटो आला. समुद्र, वाळू, आणि दोन लाल-पिवळे झेंडे. खाली लिहिलं होतं, ‘मधेच आहे.’

पैशांचं विचारतात सगळे. डॉर्मचा बेड आम्हाला माणशी ४५ ते ६० डॉलर पडला, डॉलर तेव्हा ५५ रुपयांच्या आसपास. दोघं असाल तर दोन बेडच्या खोलीचा भावही बघा, कधी कधी फरक फार नसतो. खाण्यावर दोघांचे मिळून दिवसाला ४० डॉलर, कारण एक वेळ स्वयंपाक आम्हीच करायचो. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटली विकत घेऊ नका. आणि सनस्क्रीन लावा. ‘आपण सावळे, आपल्याला काय होतंय’ हे छोट्याचं मत दुसऱ्या दिवशी नाकाच्या सालपटाबरोबर निघून गेलं.

छोट्याला आता परत जायचंय, एकट्याने. भारतीयांसाठी २०२४ पासून वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू झालाय, सबक्लास ४६२. वय १८ ते ३०, वर्षाला एक हजार जागा, लॉटरी पद्धत. बारावीनंतर निदान दोन वर्षांचं शिक्षण लागतं. त्याने फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवलाय. मावशीने मला विचारलं, “पाठवू का रे?” मी म्हटलं, त्यालाच विचार, मेलबर्न त्यानेच दाखवलं मला.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं हे असं लांबलचक उत्तर. बहिणीचं सिम वेगळं घे. पुढच्या एपिसोडमध्ये हॉस्टेलच्या किचनमध्ये एका भांड्यात काय काय शिजतं ते सांगतो. छोट्याही येणार आहे, त्याची बाजू त्याच्याच तोंडून ऐका. भेटू.